बेल वाजवू नका

भाऊजी,

चिठ्ठी मुद्दाम तुमच्या टोपीत ठेवतेय. फ्रिजवर लावलेली तुम्ही कधी वाचलीये? आणि रात्रपाळीहून येऊन घोरताय असे, की उठवायचा धीर झाला नाही.

आई, पिल्लू आणि मी पोलीस ठाण्यात जातोय. ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. हजेरीत आज पहिलं नाव ह्यांचं घेणार आहेत, आणि सगळे मिळून 'हजर' म्हणणार आहेत. आई केव्हाच्या तयार होऊन बसल्यात.

संध्याकाळी तुमची ड्यूटी त्याच नाक्यावर लागलीये, हे मला कळलंय. आईंना बोललेले नाही, तुम्हीही बोलू नका. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. ह्यांनाही कधी म्हटलं नाही. पण बुलेटप्रूफ जाकीट घाला. उकडतंय म्हणून ह्यांनी ते जीपमध्ये काढून ठेवलं आणि तसेच नाकाबंदीत एका गाडीला हात करायला पुढे गेले. गोळी छातीतच लागली. तुमचं जाकीट दाराच्या कडीला अडकवलंय. ते काढल्याशिवाय कडीला हातच पोचणार नाही.

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. गरम करून घ्या, आळस करू नका.

आणि परत आलात की बेल वाजवू नका. हे नेहमी जिन्यातूनच 'पिल्लू' करत यायचे. त्या दिवशी बेल वाजली, तेव्हाच मी समजले. तुम्हीही तसेच हाका मारत या. शेजारी ओरडले तर मी बघून घेईन.

बेल वाजली, तर माझ्याच्यानं दार उघडवणार नाही.

– वहिनी