डबल बेल

४ डिसेंबर
डॉक्टरांनी आज सुगंधाला चार सवाल विचारले. साल कोणतं? गप्प. जिल्हा? "परभनी." लेकीचं नाव? "भक्ती." मालकाचं नाव? गप्प! पदर तोंडाला लावून खाली बघत बसली. डॉक्टरनं फुली मारली. कागदावर वरतीच लिहिलेलं होतं — पती : भुजंग. तेवढं एक तिच्या तोंडून पाहिजे होतं.

म्हणलं, डॉक्टर, ही माझं नाव घेतच न्हाई. लग्नात बायकांनी दारात अडवून धरली होती, पाय दुखून आले तरी घेतलं न्हाई. अडतीस वर्षं झाली, नुसतं "अवो" आन् "भक्तीचे पप्पा". तर डॉक्टर म्हणे, "काका, अशी मनाची समजूत घालून चालत नाही."

पोरगा शहरातला, त्याला काय कळणार! पण खरं लिहायचं तर मलाही कळत न्हाई. लाजली का विसरली?

८ डिसेंबर
भक्तीनं कॅमेरा पाठवला, तिच्या कॉलेजातला. साबणाच्या वडीएवढा. फोनवर म्हणे, "पप्पा, तुमचा मोबाईल सारखा हँग होतो, हा वापरा. आता परत फॅशन आलीय याची." वरचं बटण फोटोचं, मागचं लाल बटण व्हिडिओचं. पट्टा मनगटात अडकवायचा. डॉक्टरांनी सांगितलंय — फिरवा, फोटो काढा, रोज दाखवा. आठवण टिकते म्हणे.

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. दुनियेच्या बायकापोरांना वेरूळला नेलं. घरच्या बाईला पास असून एकदा नेलं न्हाई. पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत करत रिटायर झालो. आता तिला समजंना तेव्हा निघालोय फिरवायला. शहाणाच मी!

११ डिसेंबर
येलदरीला नेलं. धरणाकडं बघून म्हणाली, "लय पानी हाय." बास, एवढंच. फोटो सात काढले, चारात डोळे मिटलेले. व्हिडिओ चांगला लांब घेतला, पाणी, ती, पलीकडची मासे धरणारी माणसं, सगळं.

१४ डिसेंबर
वेरूळ झालं. आमच्या झरीहून जिंतूर, देवगाव फाटा, मंठा, जालना — माझीच जुनी लाईन. फाट्यावर चहाला उतरलो. गर्दी होती. तिला बाकड्यावर बसवलं, कॅमेरा बंद करून तिच्या मनगटात अडकवला — संभाळ म्हणलं — आन् चहा घेऊन आलो. लेण्यात तिनं एका हत्तीच्या पायावर हात ठेवला, काढीचना. तो व्हिडिओ हमखास चांगला आला असणार.

रात्रीला भक्तीकडं मुक्काम.

१५ डिसेंबर
एकही व्हिडिओ धड न्हाई! पाणी एक सेकंद. हत्ती एक सेकंद. आन् मधल्या वेळचे मात्र दहा-दहा मिनिटं. त्यात काय? माझ्या चपला. डांबर. तिच्या लुगड्याचा काठ.

भक्ती आधी हसली. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही लाल बटण दोनदा दाबताय का?"

दाबतोय की! बत्तीस वर्षं हातात तेच भिनलंय. गाडी सोडायची तर डबल बेल, थांबवायची तर सिंगल. बोट आपसूकच तसं चालतं. दोनदा दाबलं की कॅमेरा चालू होऊन लगेच बंद. एकदा दाबून मी बंद केला म्हणायचो, तेव्हा तो चालू व्हायचा आन् दहा मिनिटं भरली की आपोआप बंद. म्हणजे कॅमेरा लोंबकळत असला की चित्र घ्यायचा, डोळ्याला लावला की झोपायचा.

तिचा हत्ती गेला. आता परत कोण नेणार आन् ती तरी कुठं तशी राहणार.

१९ डिसेंबर
फोटो दाखवले. "ही बाई कोन?" म्हणे. म्हणलं तूच की! "मी येवढी म्हातारी न्हाई." बाजूला मी उभा होतो फोटोत. माझ्याविषयी काही विचारलंसुद्धा न्हाई.

२० डिसेंबर
परत दाखवले. तेच.

२८ डिसेंबर
आज मला म्हणाली, "कंडक्टर, झरी आली का?"

घरात, चुलीपुढं पिशवी धरून बसून! म्हणलं, आली बाई, आली. तेव्हा पिशवी खाली ठेवली. मी न्हाणीत जाऊन रडलो. कंडक्टर ओळखला तिनं, नवरा न्हाई.

३ जानेवारी
गॅस चालू ठेवून घराबाहेर गेली. शेजारच्या माणिकरावांनी झरीच्या फाट्यावरून धरून आणली. म्हणाले, "जालना, मुंबई, कुठली का गाडी येईना, चढायलीच होती वैनी. थोडक्यात वाचल्या."

भक्तीचा फोन. तिनं एक ठिकाण बघून ठेवलंय, अशा माणसांना सांभाळायचं. "पप्पा, तुम्ही किती दिवस बेजार होणार? आणि आईला तुम्ही कोण हेही कळत नाही. तिला तिथं काय, इथं काय!"

शेवटचं वाक्य लागलं. पण खोटं कसं म्हणू?

७ जानेवारी
हो म्हणलं. रविवारी गाडी येणार.

ओळख असती तर पाठवली नसती. गॅस काढून टाकला असता, दाराला कडी घातली असती, हात धरून बसलो असतो. पण परक्या माणसानं धरून ठेवलंय असं तिला वाटत असंल तर मी कशाच्या जोरावर ठेवू?

१० जानेवारी
चार लुगडी, तेलाची बाटली, गोळ्या. कॅमेरापण देतो संगं, तिथल्या पोरींनी तिला फोटो दाखवावेत. पण त्याच्या कार्डात जागा शिल्लक न्हाई म्हणतोय. सकाळी ते चपलांचे व्हिडिओ पुसून टाकतो.

११ जानेवारी
पुसता पुसता देवगाव फाट्याचा लागला. दिसतंय काय, बाकड्याखालची माती! आवाज आहे म्हणून कानाला लावला.

कुणी बाई विचारायली, "मावशी, तुमचे मालक कंडक्टर व्हते ना या गाडीवर? काय नाव त्यांचं?"

मग सुगंधा, हळूच — "भुजंग. सकाळी उठलं की एकदा घेते मनात. इसरू नये म्हनून. त्यांच्यापुढं बोलू नगा बरं."

मग माझ्या चपला आल्या.

गाडीवाल्याला फोन केला, येऊ नको म्हणलं. आतून हाक मारायली, "कंडक्टर!" आलो म्हणलं.