जगदेवरावांची गादी

१२ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे. शहरातली हरिशंकरपुरमची खोली सुटली, घरमालकिणीची किटकिट सुटली. ही कोठी शहराबाहेर, जुन्या सरदार जगदेवरावांची. आता इथं गाण्याच्या मैफली होतात. मला स्वैंपाक आणि झाडलोट, माझ्या अंतराला इथल्या गायिका शालिनीताईंकडे फुकट गाणं. त्याचसाठी तर आले. पोरीचा गळा गोड आहे. माझा नुसता मोठा. दाल बाजारात ओरडले तर पार बाड्याच्या चौकात ऐकू जाईल, असं तीच म्हणते. पण माझ्या एका हाकेला धावत येते.

१५ नोव्हेंबर
दिवाणखान्यात मंचासमोर एक गादी कायम मोकळी. जगदेवराव तिथं बसायचे. गाण्याचं वेड, आणि शेवटी त्यांचीच वाचा गेली म्हणे. मोठमोठे गवई आधी त्या गादीला हात जोडतात, मग तोंड उघडतात. वर रोज विडा ठेवायचा. मी म्हटलं, मेलेला माणूस पान खातो का? शालिनीताई म्हणाल्या, दुर्गाबाई, ठेवा म्हटलं की ठेवायचं. आणि तिथं बसायचं मात्र कोणी नाही.

१९ नोव्हेंबर
आज मैफलीला तोबा गर्दी. माझी पोर खांबाआड उभी, आणि पुढं गादी रिकामी! असले नखरे मला खपत नाहीत. विडा उचलला, तिला बसवलं. नको नको करत होती, मी डोळे वटारले. मंचावर शालिनीताईंचा सूरच हलला.

२० नोव्हेंबर
अंतराचा घसा धरलाय. हळद-दूध दिलं.

२२ नोव्हेंबर
घसा धरला नाही, आवाजच गेला. डॉक्टरला काही सापडत नाही. दुपारी दिवाणखाना झाडत होते. आत कोणी नाही. गादीवरून अंतराचं गाणं आलं. तिचंच. पोर तेव्हा माझ्या मागं उभी होती, तोंड मिटून.

२३ नोव्हेंबर
शालिनीताईंचे पाय धरले. म्हणाल्या, जगदेवराव आधी गळा घेतात, मग माणसाला आत बोलावतात. पोरीला घेऊन निघून जा. मुक्या पोरीला घेऊन कुठं जाऊ? मी त्यांना माझा गळा देईन, तिचा मागून घेईन.
अंतराला मागच्या खोलीत बसवलं. एक दार माझ्या खोलीत, एक दिवाणखान्यात. दोन्हींना आतून कड्या. बजावलं, कोणी कितीही वाजवलं तरी उघडायचं नाही. माझी हाक ऐकलीस तरच.

दुपारी
गादीवर बसले. म्हटलं, माझा घ्या, तिचा द्या — घशातून काहीतरी ओढून —

उठले. तोंड उघडतं, आवाज नाही. तिचा आला का? माझ्या खोलीत आले, इकडचं दार वाजवतेय. उघडत नाही. मीच सांगितलं होतं —

दिवाणखान्यातून हाक. माझी. अंतरे, ये गं, झालं सगळं —

आत कडी वाजली. तिकडच्या दाराची —

हे पान फाडून दाराखालून सरकवते. अंतरे, ती मी नाही. मी इकडे आहे, या दा