हरणामागे पिसांचा कोट

११ नोव्हेंबर, शनिवार
कोट आला. हंसाच्या पिसांचा, गुडघ्यापर्यंत, उणे चाळीसची गॅरंटी. यंदा बर्फात पायी माग काढून हरणाचा नर मारणार. एकटा. लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून सासरी शिकारीचं बोलणं निघालं की सासूबाई बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवतात. बस्स झालं.

ओनेझिम आला होता. माझ्या बायकोचा, लिओनाचा, भाऊ. कोट चिमटीत धरून म्हणाला, दाजी, हा बसायचा कोट. चालशील तर आत शिजशील. लोकरीचा घाल. ओला झाला तरी ऊब देतो आणि तोंड बंद ठेवतो.

त्याच्या लोकरी कोटाला ओल्या कुत्र्याचा वास येतो. जळतो माझ्यावर.

१३, सोमवार
उणे बारा. वरून शिकारीत सक्तीची नारिंगी बंडी चढवून निघालो. पहिल्याच चढावर बनियन पिळण्याजोगी. चेन उघडली की गारठा, मिटली की भट्टी. फांदीला बाही घासली की वेफर्सच्या पुडीत हात घातल्यासारखा आवाज. माग ताजा होता, हरीण नाही. यंदा हरणं फारच भित्री झालीत. कोयोटी कोल्ह्यांमुळे असणार.

घरी आल्यावर दात वाजायचे थांबेनात. लिओना म्हणाली, दादाचं ऐक की जरा. मी सांगितलं, घाम आला म्हणजे कोट काम करतोय.

१६, गुरुवार
मोठा माग. खूर तळहाताएवढे. ओढ्यापाशी घसरलो, बंदुकीची दुर्बीण कपाळात बसली. भुवई फुटली, समोरचा बर्फ लाल. रागाच्या भरात बुंध्यावर गोळी झाडली. नेम अगदी बरोबर होता.

उद्या विश्रांती. शनिवारी मारणारच.

१९, रविवार. हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय.

काल नर दिसला. दहा टोकांची शिंगं. मी छातीचा नेम धरला होता, तोच हलला, म्हणून गोळी पोटात लागली. चूक त्याची. पोटातली गोळी वाईट. जनावर लगेच मरत नाही. रक्त आणि हिरवट घाण सांडत तो पळाला, मी मागे. धावताना घामाने डोळे चुरचुरत होते. देवदारांच्या पडझडीत तो आडवा दिसला. मेला समजून समोरून गेलो आणि बुटाने ढोसला.

उठला. शिंगं थेट काखेत. कोट काखेपासून कमरेपर्यंत टरकन फाटला, आणि पिसं! काही दिसेना. तो डोकं झटकतोय, मी शिंगांना धरून फरपटतोय. खूर बरगड्यांवर बसला तेव्हा आतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर, गरम. त्याच्या डोळ्यांत भीती होती. माझ्याही असेल. ओनेझिमच्या नावाने ओरडलो, पण ते जनावराला बिथरवायला.

ओनेझिम खरंच आला. मी नराच्या अंगाखाली, त्यामुळे गोळी घालता येईना. त्याने पाठीवर झेप घेतली, शिंग मागे ओढलं आणि गळ्यात सुरी घातली. एकदा नाही, तीनदा. रक्ताची चूळ माझ्या तोंडात. नर पाय झाडत राहिला, मग थंडावला.

मी उठलो आणि ओनेझिमच्या तोंडावर ठोसा मारला. माझा नर होता! त्याचा ओठ फाटला, माझ्या हाताचं हाड मोडलं. त्यानेही एक ठेवून दिली. मग दोघंही मेलेल्या नराला टेकून रक्त थुंकत बसलो. सगळ्या अंगाला पिसं चिकटलेली, अर्धवट सोललेल्या कोंबडीगत. विचारलं, तू इथे कसा. म्हणाला, सकाळपासून तुझ्या मागेच होतो. तुझा कोट रस्त्यापर्यंत ऐकू येतो, दाजी.

मग मला पाठीवर घेतलं. वाटेत त्याचा कोट माझ्या अंगावर. वास तितकासा येत नाही.

डॉक्टर म्हणाले, शिंग आणखी दोन बोटं आत गेलं असतं तर संपलाच होतास. म्हणजे कोटानेच वाचवलं. कंपनीला कळवायला हवं.

२३, गुरुवार. थँक्सगिव्हिंग
सगळे सासरी. टर्की, प्लॉय नावाची धिरडी, कांद्यात परतलेलं हरणाचं काळीज. सासूबाईंनी विचारलं, कुणी मारला रे हा?

मी तोंड उघडायच्या आत ओनेझिम बोलला. ओठात तीन टाके, शब्द फुगून येत होते. म्हणाला, दाजीने. एका गोळीत. छातीत.

त्याने असं करायची काही गरज नव्हती.

आधी सासूबाईंना हसू फुटलं. मग सासरे, मग झाडून सगळे. ओनेझिम लालबुंद. मूठ आपटून म्हणाला, आईची शपथ! सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, मेल्या, माझी शपथ नको घेऊस, मला अजून जगायचंय. त्यावर तर एकजण खुर्चीवरून घसरला.

लिओना तेवढी हसली नाही. टेबलाखालून तिने माझा धड हात घट्ट धरला. हात थरथरत होता. वाटलं, मीच थरथरतोय.

मी नव्हतो. ती हसू दाबत होती.