कमानीवरचं नाव

१९ जानेवारी

नाक्यावर फ्लेक्स लागला! प्रजासत्ताक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. मधोमध माझा नवरा मितेश, हात जोडून, पुरुषभर उंच. मी कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. खाली लिहिलंय — शुभेच्छुक, सरपंच. म्हणजे मी! निवडून आले मी आणि गाव सरपंच म्हणतं नवऱ्याला. लोकांत त्याला अहो-जाहो करावं लागतं, इथे तरी एकेरीत झोडपते.

ठरवलंय. गावात शिरताना कमान बांधायची. वर दगडात कोरलेलं माझं नाव — वेणू. खाली सरपंच. फ्लेक्स फाटतो, दगड फाटत नाही.

२२ जानेवारी

कमानीचा विषय फेब्रुवारीच्या मासिक सभेत घ्या, असं ग्रामसेवकांना सांगितलं. म्हणाले, साहेबांना विचारलंत का? म्हटलं, साहेब घरी भाजी निवडतायत. साफ खोटं. जन्मात निवडली नाही त्याने.

२६ जानेवारी

झेंडा मी फडकवला!

सवयीने दोरीपाशी मितेशच पुढे झाला. मी गुपचूप हात पुढे केला. सगळा गाव बघतोय म्हटल्यावर काय करणार, दिली दोरी. गाठ मात्र कोणी भलतीच आवळून ठेवलेली. एक हिसका — काही नाही. दुसऱ्याला पाकळ्या थेट माझ्या डोक्यावर आणि झेंडा मोकळा. राष्ट्रगीत सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं.

सासऱ्यांना सगळा गाव दाजी म्हणतो. घरी येऊन ओटीवर टेकले. मग म्हणाले, "तुजी सासू पंचायतीसमोरून चपला हातात घेऊन जायची. आत पंच बसलेले असायचे ना. आज तुज्या हातात दोरी हाय."

देश कुठे बदललाय, असं म्हणू दे कोणी माझ्यासमोर! घरोघरी नळ आला, आपट्याच्या स्टेशनाला जायचा रस्ता धड झाला, गावच्या पोरी पनवेलला कॉलेजात जातात. पुष्कळ राहिलंय, पण झालंयही पुष्कळ. आज मी फार खूश आहे.

२७ जानेवारी

खुशी टिकली नाही.

सत्यवती भेटली. वरच्या कातकरी वाडीतून निवडून आलेली सदस्य, माझ्यासारखीच राखीव जागेवर. काल सगळे सदस्य खुर्च्यांवर आणि ही पायरीवर. सभेतही दारातच बसते. मला वाटायचं, बुजते. आज विचारलं, आत का येत नाहीस गं?

"खुर्ची कुठं हाय, बाय? तिच्यावर तुमचं मालक बसतात."

खरंच की! मितेश आधी माझ्या खुर्चीत बसायचा. भांडून उठवलं, तर शेजारच्या खुर्चीत सरकला. मी जिंकले म्हणून मिरवत राहिले. ती शेजारची कोणाची, हे डोक्यातच आलं नाही. सभेच्या वहीत तिचा अंगठा असतो, खुर्चीत माझा नवरा.

लाज वाटली. जेवण गेलं नाही.

३ फेब्रुवारी

मितेशला सांगून टाकलं — सभेला यायचं नाही. आदळआपट. म्हणे, मी नसलो तर तुला खातील तिथे. दाजी ओटीवरून म्हणाले, "खाऊ दे. ती पन चावंल." म्हातारा माझ्या बाजूचा!

मितेश अजून फुगलेला आहे.

९ फेब्रुवारी

उद्या सभा. मितेश येत नाही. सत्यवती तर माझीच, बाकी सगळ्या सदस्यांशी बोलून झालं — काठावर आहे, पण कमान होते. साडीला इस्त्री केली.

१० फेब्रुवारी

सत्यवती खुर्चीत बसली. अगदी टोकावर, पदर मुठीत धरून. मीच तिला आत बोलावून बसवलं. मग कमानीचा ठराव मांडला, झकास बोलले. मत द्यायची वेळ आली तशी ती उभी राहिली.

"तुमच्या नळाचं पाणी आमच्या वाडीखालनं जातं. वाडीत नळ नाय. कमानीखालनं आमी हंडा घेऊनच यायचं ना?"

ठराव पडला. एका मताने. तिच्याच.

आधी जाम राग आला. मग तिथेच हसू फुटलं, आवरेचना. पुढच्या सभेत पहिला विषय वाडीचा नळ — ती मांडणार, अनुमोदन माझं.

घरी मितेश म्हणाला, "मी असतो तर ठराव पडला नसता."

म्हटलं, "म्हणूनच."