प्राग: चार दिवस, हात न उचलता

६ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
दुसरी लाथ बसली तेव्हा प्रिंटरनं कागद सोडला. प्रागची तिकिटं. दोन माणसं, १० ते १३ एप्रिल, लीड्सहून दुपारी २.३५. पहिल्याच लाथेला ऐकलं असतं तर त्याची काच वाचली असती.
डोरीन दारात उभी होती. म्हणाली, क्लिफ, आता बास. एकतीस वर्षांत तीन टोस्टर, दोन दारं आणि माझ्या बहिणीच्या लग्नातला तो फोटोग्राफर. प्रागहून परत येईपर्यंत काही फोडलंस किंवा कुणाला मारलंस, तर मी या घरात पाऊल टाकणार नाही. आवाज चढवला नाही. चहा टाकायला गेली.
प्रिंटर धरायचा का, असं विचारलं. प्रिंटर माफ, म्हणाली.
दोन महिने. सोपं आहे. मुळात मी शांत माणूस. वस्तू उलट्या वागतात.

१४ फेब्रुवारी
कार्यक्रम आखला. पहिला दिवस किल्ला. तिथे एक खिडकी आहे. १६१८ साली तिच्यातून तीन सरकारी माणसं खाली फेकली. सत्तर फूट. तिघंही जगली. पूर्वी काम चोख नसायचं.
दुसरा दिवस पूल आणि छळाच्या हत्यारांचं संग्रहालय.
डोरीनला चौकातलं ते जुनं घड्याळ बघायचंय. लहानपणी तिच्या आईच्या बिस्किटांच्या डब्यावर त्याचं चित्र होतं, तेव्हापासून. तिसऱ्या दिवशी घड्याळाला वीस मिनिटं दिली. तिचा चेहरा पाहून पंचवीस केली. बाकीचे नवरे हे करत नाहीत.

३ मार्च
विमान कंपनीच्या मापापेक्षा बॅग दोन सेंटिमीटर जाड. बसून पाहिलं. उड्या मारून पाहिलं. मग हातोड्यानं चाकं काढली. हे फोडणं नव्हे, दुरुस्ती.
एक चाक उडून शेजारच्या ट्रेव्हरच्या टोमॅटोच्या काचघरात गेलं. चाक गेलं, मी नाही. ट्रेव्हर फावडं घेऊन कुंपणाशी आला. म्हणाला, महाराज, युद्ध पुकारणार असाल तर आधी कळवा, पोरंबाळं घरात घेतो. सुरक्षिततेसाठी फावडं त्याच्या हातातून काढून घेतलं. दांडा मोडला. जुना होता.
डोरीननं आवाज कसला म्हणून विचारलं. सुतारकाम.

२२ मार्च, रविवार
जेवायला नेव्हिल. डोरीनचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी लिस्बनला जाऊन आला, तेव्हापासून अख्खा युरोप त्याच्या खिशात.
म्हणाला, क्लिफ, पासपोर्ट कधी काढलास ते बघ. आपण युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून त्यांना दहा वर्षांहून जुना पासपोर्ट चालत नाही. पूर्वी मुदत संपायच्या आधी नवा काढला की आपले लोक उरलेले महिने वर जोडून द्यायचे. ते महिने तिकडे मोजत नाहीत.
पासपोर्ट आणून त्याच्यापुढे आपटला. काढला २ एप्रिल २०१६ला. मुदत २ जानेवारी २०२७. छापील. माझ्या देशानं छापलेली.
तो म्हणाला, अरे बाबा, आमंत्रणपत्रिका कुणी छापली ते नको सांगू, दारात कोण उभा आहे ते बघ. बाहेर पडायचं म्हणून बोंबलत होतास ना? मग आता बस बाहेर.
ग्रेव्हीचं भांडं माझ्या हातात होतं. नंतर ते त्याच्या नाकावर होतं. नाकच नाजूक, कटकन वाजलं. रक्त बटाट्यांवर.
डोरीन आतून कस्टर्ड घेऊन आली. नेव्हिल म्हणाला, काही नाही गं, खुर्ची सरकली, टेबलावर आपटलो. ती गोठवलेले मटार आणायला गेली तेव्हा दातओठ खात माझ्या कानाशी म्हणाला, तुझ्यासाठी नाही रे डुकरा, तिला ते घड्याळ बघायचंय म्हणून.
घाबरला.

२ एप्रिल
डोरीनचा पासपोर्ट गेल्या वर्षीचाच. तिनं विचारलं, तुझा एकदा बघून घ्यायचा का, अजून आठवडा आहे, जादा पैसे भरून तातडीनं मिळतो म्हणतात. म्हटलं, सगळं पाहिलंय.
नवा मागायचा म्हणजे नेव्हिलचं खरं करायचं.
तरी मोठ्या मनानं, कालव्याकाठी जाऊन, पासपोर्टवाल्यांना फोन लावला. त्यांनी ताटकळत ठेवून सत्तेचाळीस मिनिटं बासरी ऐकवली. फोन कालव्यात. एक बदक दचकलं, त्याला लागलं नाही. घरी सांगितलं, हरवला. हरवलाच आहे.
आठवड्याचा हिशेब लावला तर माझं वागणं उत्तम आहे.

१० एप्रिल, दुपारी १२.१०
विमानतळ. डोरीननं निळा कोट घातलाय. गाडीत गुणगुणत होती. रांगेत एक जण मध्ये घुसला, त्याच्या पायावर फक्त बॅग ठेवली. चाकं नाहीत, त्यामुळे नीट बसली.
दोघांचे पासपोर्ट आता काउंटरवरच्या मुलीकडे. डोरीनचा लगेच परत दिला. माझा ती बराच वेळ बघतेय. फोटो चांगला आलाय त्यात. आता कुणाला तरी बोलावते आहे.

११ एप्रिल
काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, याची दहा वर्षं दोन तारखेला भरली. तिला जानेवारी दाखवला. म्हणाली, दिसतोय मला, पण तिकडे चालत नाही. साहेब आला. त्यानंही तेच सांगितलं आणि माझ्या कोपराला हात लावला.
मग काउंटरची काच. मग कीबोर्ड. मग साहेब. साहेब माझ्याच वयाचा निघाला, चष्म्यासकट.
दोन पोलिसांनी हात धरले, तिसरा पायांवर बसला. गाल फरशीला टेकलेला. तिथून डोरीनचे बूट दिसत होते. म्हटलं, तू हो पुढे, मी उद्या येतो. ती म्हणाली, नेव्हिलचं नाक तूच फोडलंस ना? म्हटलं, भांडं निसटलं. बूट वळले. मग विमानाकडे गेले.
रात्र कोठडीत.
आज सकाळी साडेआठला सोडलं. ठाण्यातल्या हवालदारानं पट्टा, बुटांच्या नाड्या, पाकीट आणि घराची एक किल्ली पुढे ठेवली. म्हटलं, माझी किल्ली माझ्या खिशात होती. तो म्हणाला, ती पाकिटात आहे. ही तुमच्या बायकोची, काल जाताना देऊन गेल्या. इथे सही करा.
सही केली.