हळदीचं बोट

वणी

याडी, तुही लेक वर्षा पाया पडते.

रातभर झोपली नाही. तुहा डोळा लागला का पोरीले उचलून नणंदेले देऊन टाकू, असं सासू म्हनली. नणंदेले लेकरू नाही. म्हनून मी पोरीले मांडीवर घेऊन बसून होती. पोरगी चांगली हाये, दात येऊन राह्यले. तुहा गुडघा कसा हाये?

तुले वाचता येत नाही, म्हनून आपलं ठरलं होतं. सुखात असली का चिठ्ठीवर हळदीचं बोट, तुमी मले न्यायले यायचं असलं का काजळाचं. मी काजळच लावलं होतं, याडी. सासूनं पाह्यलं, मारून मारून इचारलं, मी सांगून देलं. तिनं चिठ्ठी फाडली, दुसरी लिहाले लावली अन् माहं बोट धरून हळदीत बुडवलं. "खुश होऊ दे तुह्या मायले," म्हनून हसली. तवापासून आलेली सगळी हळद तिचीच हाये.

मोबाईल नवऱ्यानं काढून घेतला. काजळाची डबी सासूनं लपवली, म्हनून या चिठ्ठीवर बोट नाही. चिठ्ठी शेजारची तानाबाई लपवून घेऊन येऊन राह्यली.

जो कोनी याडीले हे वाचून दाखवून राह्यला, त्यानं आता वाचनं थांबवा अन् माह्या भावाले, लखनले, फोन लावा. आजच निंघ म्हना.