सोळा बोल्ट

प्रिय ठमाबाई,

घरात बसून घरातल्याच माणसाला पत्र लिहितोय म्हणून हसशील. तू शाळेत शिकवायला गेलीस, जावई दुकानात, छोटीही शाळेत. समोरासमोर सांगायला गेलो की माझी गाडी भलतीकडेच वळते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? म्हणून कागद घेतला.

मागच्या आठवड्यात तुझा फोन आला, "बाबा, डेक तपासायचाय, तुम्ही हवे आहात," तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तुझ्या पाठीला शेक मिळावा म्हणून मी बांधून दिलेल्या त्या लाकडी डेकवर गरम पाण्याचा टब बसवायचा, एवढीशी गोष्ट. त्यात म्हाताऱ्याचं काय काम? येऊन बघतो तर जावईबापू डेकखाली टॉर्च घेऊन वाकलेले, मी केलेल्या लाकडी सांध्यांचे फोटो काढतायत. मला बघताच फोन खिशात. स्वयंपाकघरात तुम्हा दोघांची कुजबुज चालायची आणि मी आलो की एकदम हवापाण्याच्या गप्पा. चाळीस वर्षं सुतारकी केली मी, लाकूड कुठे पोकळ आहे ते वाजवून सांगतो, माणसांचं कळणार नाही? माझ्या हातावरचा यांचा भरवसा उडालाय, अशी मी खूणगाठ बांधली.

टब विकणाऱ्याचाही मला संशयच. डेकवर दोन उड्या मारून "दणकट आहे, काही होत नाही" म्हणाला. खाली वाकलासुद्धा नाही. रिकामा टब तीनशे किलो, पाणी तेराशे लिटर, वर पाच-सहा माणसं. दोन टन झाले, तेही एकाच कोपऱ्यात! खुर्च्या टाकून चहा पिणं वेगळं.

मंगळवारी डेक तपासायला तुम्ही बोलावलेल्या इंजिनिअर बाई आल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून सरळ डेकखाली शिरल्या. प्रत्येक खांबाचा बुंधा टोच्याने टोचून बघितला, पायाशेजारची माती उकरली, तुळयांची मापं घेतली. मी आपला खाष्ट सासूसारखा मागे मागे. चुका काढायलाच आल्यात असं वाटून साध्या प्रश्नालाही फटकन उत्तर देत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "काम छान आहे, काका. टबाखाली आणखी चार खांब आणि एक आडवी तुळई द्या, म्हणजे झालं." छाती फुगली माझी. मग त्यांनी घराच्या भिंतीला लागलेल्या तुळईवर बोट ठेवलं. डेकचा निम्मा भार तीच धरते, आणि तिच्यावर मी शोभेची पट्टी ठोकलीय. "ही पट्टी काढता येईल? तुळईचे भिंतीतले बोल्ट बघायचेत." जावई म्हणाले, रंग उडेल, पण काढू. मी मध्येच बोललो, "सोळा बोल्ट आहेत. मी स्वतः बसवलेत." बाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. तू हसून म्हणालीस, "बाबांनी सांगितलं ना, मग राहू दे." अहवालाचं तिसरं पान वाचलंस का? तिथे लिहिलंय: भिंतीकडचे बोल्ट पाहिलेले नाहीत, बांधणाऱ्याच्या सांगण्यावरून ते आहेत असे धरले आहे.

काल नवे खांब बसले. छोटीने येत्या शनिवारच्या वाढदिवसाला पाच मैत्रिणींना टबात डुंबायला बोलावलंय. आणि जेवताना जावयांनी मागच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली, म्हणाले, "बाबा, आता इथेच राहायचं." ती कुजबुज या खोलीसाठी होती. फोटो त्या बाईंनी मागवले होते. ताट सारून मी उठलो.

ठमे, तिथे एकही बोल्ट नाही. तुम्ही नव्या घरात राहायला आलात त्याच्या आदल्या दिवशी माझं ड्रिल जळालं. सकाळी पाहुणे येणार होते, आणि लेकीच्या सासरच्यांपुढे डेक अपुरा राहिला म्हणायची मला लाज वाटली. खिळे ठोकले, पुढच्या आठवड्यात बोल्ट टाकू म्हणून वरून पट्टी मारली, आणि तो आठवडा अकरा वर्षांत उगवला नाही. ते जुनं पाप. मंगळवारी बाईंच्या तोंडावर खोटं बोललो, ते नवं. आज तुम्ही गेल्यावर पट्टी उखडली. खिळे गंजून काड्या झालेत, तुळई भिंतीपासून बोटभर सुटलीय. डेकच्या दाराला कडी लावून वर दोरी बांधलीय, छोटीला तिकडे फिरकू देऊ नकोस. बाईंना फोन करून खरं ते सांगितलंय, पाच वाजता येतायत. उद्या येणारा टब थांबव. हे पत्र जावयांनाही वाचायला दे, दुसऱ्यांदा सांगायची माझ्यात ताकद नाही. मी मागच्या खोलीत बसलोय. पिशवी भरून ठेवलीय, ती उचलायची की सोडायची, ते तुम्ही दोघं सांगाल तसं.

तुझाच, खोटं बोललेला,
बाबा